हजेरीची सही

३ नोव्हेंबर, सोमवार

एकशे बारा जणांची संमती! पडघ्याच्या जनसुनावणीला हजर होते तेवढे सगळे गावकरी यादीत आहेत — फक्त माझे बाबा सोडून. विरोध करणारा एकही नाही? माझ्या माहेरी? तिथे गणपतीच्या मंडपाच्या जागेवरूनसुद्धा तीन तट पडतात.

आणि यादीत ठमाकाकी! भर सुनावणीत उभी राहून ओरडली होती, "आमच्या शेताखाली काय गाडताय ते आदी सांगा!" मी तिथेच होते, समितीच्या बाकावर.

५ नोव्हेंबर

काकीकडे जाऊन आले. "सही केलीस?" — "केली ना. दाराशी वही होती. सही केली का चहा न् वडा. मला वाटला, वड्याची सही हाय."

हसू आलं आणि मग डोकंच फिरलं. हजेरीचीच पानं — वर 'संमती' असा मथळा चिकटवलेला! गोदामांसाठी जमिनी घेतल्या तेव्हाही हेच केलं होतं. तेव्हापासून बाबा सही करायच्या आधी 'फक्त हजर' लिहितात. माझ्या शाळेत पालकसभेलाही लिहायचे. मला लाज वाटायची. आता कळलं ते यादीत का नाहीत.

८ नोव्हेंबर

एक गोष्ट स्वतःशीच स्पष्ट करून ठेवते. मी या कामाच्या विरोधात नाही. कारखान्याच्या धुरातला कार्बन पकडून खोल काळ्या खडकात कोंडता येतो, हे मी अकरा वर्षं दगड तपासून सांगतेय. म्हणून तर देशाचं धोरण लिहिणाऱ्या समितीत मला घेतलं. पण ज्याच्या पायाखाली कोंडायचा, त्याला विचारायचं नाही? वडा खायला घालून?

नाही चालणार.

१२ नोव्हेंबर

समितीची बैठक, मुंबईत. दाराशी नेहमीचं सगळं — बिल्ला, रजिस्टर, पाण्याची बाटली.

मी एकच कलम मागितलं: संमती वेगळ्या कागदावर, मराठीत वाचून दाखवून. हजेरी म्हणजे संमती नव्हे.

सचिव गोड हसले. "वैशालीताई, धोरण देशाचं आहे, पडघ्याचं नाही."

"बोअर मात्र पडघ्यातच मारताय ना!"

सचिवांनी पान उलटलं. "पुढे बघू." पुढे नाही, आत्ता! कलम नसेल तर मसुद्यावर माझी सही मिळणार नाही, असं सांगून उठले.

१३ नोव्हेंबर

बाबांचा फोन. "समितीतून काढतील का तुला?"

"काढू देत."

"मंग ठीक हाय. जेवलीस का?"

१४ नोव्हेंबर

दापोड्याला घरी परतताना ट्रकांमागे तासभर अडकले. तेवढ्यात कलम पुन्हा लिहिलं. आधीपेक्षा कडक झालंय. पाठवून दिलं.

१९ नोव्हेंबर

उत्तर नाही. असू दे. रोज पाठवीन.

२१ नोव्हेंबर

अंतिम मसुदा आला. कलम नाही. शेवटच्या पानावर 'मसुद्यास संमती देणारे सदस्य'. सातवी सही माझी. खरीच माझी — बारा तारखेच्या रजिस्टरमधली.

उद्या काकीला घेऊन तक्रार द्यायला जातेय. एकशे तेरावी म्हणून.