मस्कतहून येणारी सही

४ नोव्हेंबर २०२४
सही आली. स्क्रीनवर शाकिरच्या नावापुढे हिरवी खूण. फर्म आम्हा नवरा-बायकोच्या नावावर, म्हणून मालाच्या प्रत्येक करारावर दोघांची सही लागते — मी नांदुऱ्यातून, तो मस्कतहून. शेऱ्याच्या जागी त्याने लिहिलंय — "पातळ रजया जास्त पाठव, इथे एसीमुळे बारा महिने खपतात. कापूस भरताना तोंडाला कपडा बांधत जा."

तोंडाला कपडा! समोर असताना कधी असं बोलला नाही. त्याचा मोबाईल लागत नाही. त्याच्या तिथल्या दुकानात लावला की जब्बारभाई उचलतात — त्याच्या खोलीवरचे, आपल्या जानेफळचे. "आत्ताच बाहेर गेला, भाभी." दर वेळी आत्ताच.

९ नोव्हेंबर
उंद्रीला गेले होते. प्रशिक्षण केंद्राचे भालचंद्र सर घरगुती उद्योग करणाऱ्या बायांना परदेशातही चालणारी डिजिटल सही समजावतात आणि मला पुढे उभं करतात. मी सांगितलं — आधी कागद कुरिअरने जायचे, यायचे, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळायचं. आता जेवणाच्या आत काम होतं. पापडवाल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "म्हंजे नवरा तिकडं अन् तू इकडं, तरी सोबतच बसल्यावानी." सगळ्या हसल्या. मीही.

परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

१० नोव्हेंबर
भाजी उरली. एकटीपुरती करणं अजून जमत नाही.

१८ नोव्हेंबर
सर घरी आले. आता नुसती किल्ली — कॉम्प्युटरला लावायची ती — आणि पिन पुरे नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा, पापण्या मिटायच्या, मगच सही. "किल्ली कोणीही लावू शकतं, अंजुमताई. चेहरा उसना मिळत नाही. तुमच्यापासून सुरू करू?"

लगेच हो म्हटलं. सरांना वाटलं, मला सुरक्षेची समज आहे. खरं म्हणजे सहीसोबत फोटो येतो, असं त्यांनी सांगितलं तेवढंच मी धरून बसले. वाळला असेल का? दाढी ठेवली असेल?

२१ नोव्हेंबर
माझा चेहरा झाला, सही झाली. उगाच नवी ओढणी घेतली होती. करार त्याच्याकडे गेला.

२५ नोव्हेंबर
सही नाही. गठ्ठे बांधून पडलेत. शिवायला येणाऱ्या बाया विचारतात, पुढचं काम कधी?

२७ नोव्हेंबर
नाही. सर म्हणाले, तिकडे नेट नसेल. असेल तसंही. आजारी तर नाही? अपघात?

२८ नोव्हेंबर
दुकानात फोन केला. जब्बारभाईंनी उचलला. आज "आत्ताच गेला" म्हणाले नाहीत.

"भाभी, ते चेहरा मागून राह्यलं. माह्या चेहऱ्यानं होत नाही."

शाकिर रमजानच्या आधीच मस्कत सोडून सलालाला गेला, ओमानच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे त्याने दुसरा संसार मांडलाय. जाताना किल्ली जब्बारभाईंच्या हातात दिली, पिन सांगितला, बस.

"मले काऊन सांगितलं नाही?"

"तुमचं काम बंद पडलं असतं. मंग धीरच झाला नाही."

"आणि ते शेरे?"

"मीच."

बांधून पडलेल्या गठ्ठ्यांपाशी बसले. मग विचारलं — जब्बारभाई, तुमच्या स्वतःच्या नावाची किल्ली काढायला काय काय लागतं?