गाल ओढलास त्याबद्दल

ता. ११, बुधवार

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. आता ढब्बू कसला, बरगड्या दिसतात. पण नाव काही बदलत नाही मी.

नेहमीप्रमाणे मी सांगतेय आणि खालचे शिंपीकाका लिहितायत. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा तुझ्या बापासारखा, काहीही करा, कुरकुरणारच. तुझी आई स्वयंपाक करताना रडते आणि कांद्याचं नाव सांगते. घरात कांदा नसतो त्या दिवशीसुद्धा.

माझा गाल बरा आहे. परवा पुलाखाली तू ओढून पाहिलास ना, मुखवटा निघतो का म्हणून! अरे, निघत असता तर मीच कधीचा काढून ठेवला असता. या सुरकुत्या हौसेने कोण घालून फिरेल? तुझ्या शेजारी झोपणारी मुलगी हसली. तू नाही हसलास. "माझ्या आजीला कुठे ठेवलंत?" म्हणालास. मी म्हटलं, "मीच रे ती." मी आणलेला डबा तू माझ्याकडे ढकललास. "आधी तू खा." मी खाल्लं. तरी तू शिवला नाहीस.

इथे काकांनी पेन थांबवलं. "आजी, हे त्याला कशाला लिहायचं?" मी म्हटलं, लिहा हो, तो काय तिथे नव्हता?

घरी चल म्हणायची मला चोरी. आवाज येतात म्हणून तू भिंतीतल्या वायरी उपटल्यास, बापाने कुलूप बदललं, आणि मी त्याच्याच घरात राहते. खूप भांडले त्याच्याशी. शेवटी तो म्हणाला, "आई, मला माझ्याच पोराची भीती वाटते गं." मला वाटते की नाही, ते राहू दे.

उद्या फिरत्या दवाखान्याची नर्सताई येईल. तरुण पोरांच्या निवाऱ्यात तिने तुझ्यासाठी एक खाट अडवून ठेवली आहे. डॉक्टर तिथेच येतात. उद्या तू हो म्हणाला नाहीस तर खाट दुसऱ्या कुणाला जाईल. तुझ्या वतीने मी हो म्हणून पाहिलं, चालत नाही. "नाहीच म्हणाला तर?" मी विचारलं. "मग मी परत येईन, आजी," म्हणाली. बिचारी. तिच्या हातात तरी दुसरं काय आहे!

मग खाली मान घालून म्हणाली, मी डबा घेऊन आसपास दिसले की तू तिच्याशीही बोलत नाहीस. तिलाही आमच्यातलीच, मुखवटेवाली समजतोस.

म्हणून उद्या मी येणार नाही. परवाही नाही. डबा त्या मुलीकडे पोचेल. ती आधी खाईल, तिची काही तक्रार नसते.

काका म्हणतात, हे पत्र वाचून त्याला ताईचा आणखीच संशय येईल. येईलही. मग मी काय करू, तूच सांग. बोलले तरी खोटी, गप्प बसले तरी खोटी. बरं, खोटी तर खोटी. माझं काही ऐकू नकोस. फक्त तिला हो म्हण.

शेवटी काय घालू, काका विचारतायत. 'आजी' लिहिलं तर तू कागद फाडशील. म्हणून पुढची जागा मोकळी सोडायला सांगितली आहे.

तुझी,