आईनं हात शालीत लपवले तेव्हा

प्रिय आयपेरी,

तुरातकाका दोन म्हाताऱ्यांना सोबत घेऊन तिकडे तुझ्या दारात उभा राहिला, तेव्हाच तुला कळलं असेल. असली बातमी आपण फोनवर देत नाही. आई गेली, पोरी. रडून घे, मग पुढचं वाच.

हिवाळ्याच्या मांसासाठी घोडी कापली त्या दिवशी आतडी धुताना तिच्या बोटाला सुरी लागली. मी म्हटलं, राहू दे आता. तर म्हणाली, मग कोण धुणार, तुम्ही? तुम्हाला तर स्वतःचे मोजेही सापडत नाहीत! चौथ्या दिवशी तापानं फणफणली, तशी गाडीत घालून नारीनच्या इस्पितळात नेली.

विष रक्तात भिनलं होतं. हातापायांची बोटं काळीनिळी पडली. डॉक्टरीण म्हणाली, आत बारीक नसांमध्ये रक्त गोठतंय. आणि इकडे सुई टोचलेल्या जागेतून, हिरड्यांतून रक्त थांबेना. मी भांडलोच तिच्याशी. अहो, एक तर गोठेल नाहीतर वाहील, दोन्ही कसं? बिचारी शांतपणे म्हणाली, आजोबा, रक्त गोठवणारं विरजण सगळं आत भलत्याच ठिकाणी संपलं, बाहेर लावायला उरलंच नाही. रक्त चढवलं, औषधं दिली, काही कमी केलं नाही तिनं.

त्या रविवारी तुझा फोन आला. आई मावशीकडे जेवणाला गेलीय, असं मी ठोकून दिलं. परक्या मुलखात राबणाऱ्या लेकराच्या घशात घास अडकवू नये, हीच आपली रीत. मला वाटलं, बरी झाली की हसत सांगू.

ती गेली एवढं सांगायला तुरात पुरेसा होता. हे मात्र त्यालाही ठाऊक नाही. आई रोज विचारायची, आयपेरीला कळवलंत ना? मी म्हणायचो, हो, निघालीय, गाडीत बसलीय. शेवटच्या सकाळी तिनं नर्सकडून हिरड्या पुसून घेतल्या, काळे हात शालीत गुंडाळून घेतले. पोरगी घाबरेल, म्हणाली. मग दुपारपर्यंत दाराकडे बघत राहिली. गावातल्या बाया म्हणतायत, लेक आली नाही. तू आली नाहीस असं नाही गं, मी तुला बोलावलंच नाही. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ये. सगळ्यांसमोर मीच सांगेन. मग तुला काय ओरडायचं ते ओरड माझ्यावर. या घरात आता माझ्यावर ओरडायला कुणी नाही.

तुझाच,
बाबा