हर्मिनियाची बरणी

७ ऑक्टोबर
रोवेना आमच्या समुद्र केंद्रात रुजू झाली. एके काळी हर्मिनियाची विद्यार्थिनी, आता डॉक्टर. दिसायला शेवाळ, पण वसाहत करून राहणारे ते बारीक प्राणी आम्ही नवरा-बायकोने जन्मभर भिंगाखाली पाहिले. ही डीएनए बघून त्यांची नवी वर्गवारी करणार. काही जाती रद्द होतील, असं कॉफी पिताना सहज म्हणाली. माझ्याकडे बघून.

काटेरी जात मी शोधली, हर्मिनियाचं नाव दिलं. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा थडग्यावरही जातीचं तेच नाव कोरून घेतलं.

माझा कुणावर संशय नाही. त्या जातीच्या पहिल्या नमुन्याची बरणी ज्या कपाटात आहे, त्याला कुलूप लावलं.

१० ऑक्टोबर
रोवेनाने गरम बिबिंगका, तांदळाचा केक, आणला. कारण काय? खाणार नाही.

संध्याकाळी खाल्ला. चांगला होता. संशय वाढला.

१२ ऑक्टोबर, रविवार
बोट खरवडली. तळाला नेहमीचा पांढरा थर. हर्मिनिया धक्क्यावर बसून म्हणायची, ‘दुलो, फेकतोयस ते जरा बघत जा.’ माझं कुठलंच काम तिला पसंत पडायचं नाही.

रोवेना मदतीला आली. खरवडलेला कचरा पिशवीत भरून घेऊन गेली. सवय चांगली आहे. लक्ष मात्र माझ्या किल्लीवर असणार.

१६ ऑक्टोबर
तिने बरणी बघायला मागितली. किल्ली हरवली म्हणालो. मग बरणीत ताजं फॉर्मॅलिन भरलं आणि ती घरी आणून तांदळाच्या डब्यात लपवली. आता बघू.

भाताला वास येतोय. बहुधा तांदूळच जुना.

२१ ऑक्टोबर
रोवेनाला डब्याचं कळलंय. कसं, ते शोधलं पाहिजे. म्हणाली, ‘सर, फॉर्मॅलिनमधला नमुना मला फुकट दिलात तरी नको. त्यातून धड डीएनए निघत नाही. तेवढा भात मात्र टाकून द्या.’

म्हणजे तिच्या हातात काहीच नाही. जिंकलो. एक तारखेला, मृतांच्या सणाला, कबरस्तानात हर्मिनियाला सांगेन, नाव शाबूत आहे. थडग्यावरच्या अक्षरांसाठी सोनेरी रंग आणला.

२९ ऑक्टोबर
रोवेना घरी आली. म्हणाली, मॅमची जात आणि बोटीखालचा पांढरा थर एकच. थराचं नाव जुनं, नियमाने ते राहील. मॅमचं जाईल.

काट्यांचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, यांना खाणारी समुद्री गोगलगाय जवळ आली की काटे फुटतात; टाकीत थराजवळ ठेवून पाहिली, तसेच फुटले. धोका टळला की नवी वाढ बिनकाट्याची. तुम्हाला तेव्हा घाबरलेली वसाहत सापडली, सर.

नमुना कुठून चोरलास, विचारलं.

‘तुमच्या बोटीचा. तुम्हीच खरवडून दिलात.’

हर्मिनियाने हे चालू दिलं नसतं, असं मी सुनावलं. ती खाली बघत म्हणाली, ‘मॅमना ठाऊक होतं, सर. म्हणाल्या, एवढ्या हौसेने दिलंय त्याने, मी आहे तोवर राहू दे. म्हणून थांबले होते.’

१ नोव्हेंबर
कबरस्तानात गर्दी. सांगायचं ठरवलेलं सांगता आलं नाही. अक्षरं सोनेरी केली. रंग वाया कशाला घालवा. रोवेनाने मेणबत्त्या लावल्या, रंगाचा डबा धरून उभी राहिली.

२ नोव्हेंबर, रविवार
बोट खरवडायचा दिवस. पाठ दुखते आहे. धक्क्यावर बसून नुसतं बघितलं. पांढरा थर चांगलाच वाढलाय, बोट जड चालेल.

चालू दे.