सैल काकणं

॥ श्री ॥

कारापूर,
रविवार, दि. १२ नोव्हेंबर १९८९

श्री. गुरुदास यांस,
शालिनीचा नमस्कार.

तुमचं नाव मी कधी घेत नाही हे तुम्हाला माहीत आहे. लग्नात उखाण्यात घेतलं, तेही मान खाली घालून. पाकिटावर ते पोस्टमनसाठी घालावंच लागतं. इथे आत मुद्दाम लिहिलं आहे, म्हणजे पत्र कोणाला लिहिते आहे ते मला शेवटपर्यंत लक्षात राहील.

इकडे सर्व ठीक. शिवदासदादाची भातकापणी आटोपली. वहिनी मला जेवायला आग्रह करते आणि दादा काही विचारत नाही, त्यामुळे माहेरपण बरं चाललं आहे. सकाळच्या बसने पणजीला कामावर जाते, दिवेलागणीला परत येते. तुमच्या पायाखाली उशी ठेवतात ना? प्लास्टरच्या आत खाजलं म्हणून काडी घालू नका, डॉक्टरांनी बजावलं आहे. आपण बोलतो कोंकणीत, भांडतोही कोंकणीत, आणि कागद पुढे आला की शाळेतली मराठी. मागे भाषेवरून बाहेर एवढं रण माजलं होतं, पण आपल्या घरात या दोघी कधी भांडल्या नाहीत. भांडायला माणसं होतीच.

आईंचा निरोप दादाकडून मिळाला. वीस तारखेच्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं, देवीचा प्रसाद घ्यायचा, आणि त्याआधी घरी काकणकाराला बोलावून माझ्या हातात नवा चुडा भरायचा. घट्ट, माझ्या मापाचा, हातातून न निघणारा. मग मी आमोण्यात आपल्या घरी परत यायचं. वहिनी म्हणाली, एवढंच ना, भर आणि जा.

एवढंच म्हणजे किती, ते वहिनीला कळत नाही. आईंनाही कळत नसेल. तुम्हाला कळतं. आमच्या कामात हात कापडाच्या आत घालावा लागतो. बाईच्या अंगावर रेशीम ठेवून, टाचण्या तोंडात धरून, निऱ्या बसवाव्या लागतात. काचेची एक कड धाग्याला लागली की धागा सरकतो, आणि तो सरकला की तो सगळा पोशाख गेला. म्हणून वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवसापासून नियम आहे, टेबलाला हात लावायचा तर मनगटं मोकळी. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. मालकीण असून आयरिनबाई स्वतः घड्याळ काढून ठेवतात. घट्ट चुडा भरायचा याचा अर्थ मी काम सोडायचं. तसं सरळ सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं. देवीला मध्ये घातलं की तोंड बंद.

देवीला विचारणार काय, तेही दादाला कळलं. देवीच्या अंगाला पाकळ्या लावून कौल मागणार, गुरुदास पडला तो बायकोच्या ओक्या हातांमुळे का? विचारा. पण मग त्या फळीबद्दलही विचारा. बार्जवर चढायची फळी कुजली आहे, पाय ठेवला की वाकते, हे तुम्ही जेवताना मला सांगत होता. मालकाच्या माणसालाही सांगितलं होतंत. तो म्हणाला होता, बघू. त्या माणसाच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, याची चौकशी कोणी केली नाही.

आता पेपरातल्या त्या फोटोचं सांगते, कारण त्याबद्दल माझं बोलणं कोणी पुरतं ऐकलंच नाही. शुक्रवारी हॉटेलात आयरिनबाईंचा फॅशन शो झाला. शनिवारी सकाळी तुम्ही पडलात. पुढच्या रविवारी धाकूभाऊजी डिचोलीहून पेपर घेऊन आले आणि आपल्या सोप्यावर बसून त्यांनी तो शेजारपाजारला वाचून दाखवला, जसा रोज दाखवतात. फोटोत कोण होतं? मुंबईहून आलेली एक मॉडेल. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. शोचं नावच होतं गोव्याची नवरी. राज्य झालं तेव्हापासून सगळ्यांना गोव्याचं सगळं हवं आहे. आणि तिच्या पायाशी, पडद्याच्या कडेला, गुडघ्यावर बसून तिच्या निऱ्या सावरणारी मी. मनगटं मोकळी. मान खाली होती म्हणून कपाळ दिसतच नाही, पण धाकूभाऊजींनी वाचता वाचता त्यावरचं कुंकूही पुसून टाकलं.

जिला नवरा नाही तिच्या हातात चुडा, आणि जिचा नवरा आहे तिचे हात रिकामे, असं ते म्हणाले. सगळे हळहळले. मला त्या वाक्याचा राग नाही, ते खरंच आहे. पण त्याचा राग कोणावर काढायचा, हे त्यांनी भलतंच ठरवलं.

तो चुडा मी तिच्या हातात भरला होता. शो संपल्यावर तिने तो असा ओढून काढला की तीन-चार काकणं जमिनीवर पडून फुटली. ती म्हणाली, कोणीतरी झाडून घ्या. मी झाडून घेतलं. तिच्या घरी कोणी पडलं नाही. आणि सोमवारी मी कामावर गेले तर आयरिनबाई माझ्यावरच चिडलेल्या. फोटो चांगला आला होता, पण मी त्यात दिसायला नको होते. म्हणजे बघा, तो पोशाख ज्या हातांनी उभा केला ते हात फोटोत बाईंना नकोत, गावाला नकोत, घरात नकोत.

आईंवर मी रागावले आहे, पण त्यांची भीती मला कळते. मामंजी गेले तेव्हा त्यांच्या हातातली काकणं विहिरीच्या पायरीवर फोडली होती, आणि त्याची खूण त्यांच्या मनगटावर अजून आहे. त्यांना माझं मनगट मोकळं दिसलं आणि शेजारी तुमचा प्लास्टरमधला पाय. त्या घाबरल्या. घाबरलेल्या माणसाशी मी किती भांडणार? एकदा त्यांना जवळ बसवून सगळं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. ते सांगणारं माणूस घरात होतं.

त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पायाची चौकशी करायची, सोमवारी येते किंवा येत नाही एवढं कळवायचं आणि पत्र बंद करायचं. पण तुम्हाला साखळीची जत्रा आठवते का?

मी नुकती कामाला लागले होते. काकणकाराने माझा हात हातात घेतला, नुसता दाबून माप सांगितलं आणि माळेतून काकणं काढायला लागला. तुम्ही त्याला थांबवलंत. म्हणालात, “एक माप व्हड दी. तिका कामार काडचीं पडटात.” तो म्हातारा हसला. म्हणाला, सैल काकणं हातात राहत नाहीत. तुम्ही त्याला काय म्हणालात? “रावपाक नाकात. परतून आयल्यार जालें.” राहायला नकोत, परत आली की झालं, असं भर जत्रेत. मला इतकं बरं वाटलं होतं की लाजायचं राहून गेलं.

आणि त्यानंतर रोज संध्याकाळी. मी बसमधून उतरून फेरीबोटीने यायचे, तुम्ही बार्जवरून सुटून धक्क्यावर थांबलेले असायचात, हाताला खाणीची तांबडी माती. मी काकणं बांधलेला रुमाल सोडायचे आणि तुम्ही एकेक काकण माझ्या हातात चढवायचात. आज कोणाचा झगा शिवला, गळा कसा कापला, विचारायचात. माझ्या ब्लाउजची मागची बटणं बघून खलाशांना सांगायचात की हे हिने स्वतः काढलं आहे, पणजीत शिकून. मग आपण दोघं घरी जायचो आणि आईंना माझे हात भरलेलेच दिसायचे. ही युक्ती माझी एकटीची नव्हती. अर्ध्याहून जास्त तुमची होती.

त्या रविवारी आईंनी पेपर तुमच्या पलंगावर टाकला आणि माझ्या मोकळ्या हातांचं तुम्हाला माहीत होतं का, ते विचारलं, “तुका खबर आशिल्लें?”

तुम्ही प्लास्टरकडे बघितलंत आणि म्हणालात, “ना.”

धाकूभाऊजी होते, शेजारच्या बायका होत्या, मी दारात पेजेची वाटी घेऊन उभी होते. वाटी तुमच्याजवळ ठेवली आणि पिशवी भरायला आत गेले. लोकांना वाटलं मी शरमेने गेले. शरमेने नाही गेले. मला इतका राग आला होता की तिथे थांबले असते तर तुमच्या मोडलेल्या पायाचीही मी गय केली नसती. पाय दुखत होता, आई रडत होत्या, सगळे बघत होते, हे सगळं मला मान्य आहे. तरीही तो शब्द तुम्ही उच्चारलात, आणि त्यानंतर इतक्या दिवसांत तो मागे घेतला नाहीत. दादाकडे निरोप आला तो आईंचा. तुमचा नाही.

तेव्हा ऐका. सोमवारी मी येते. काकणकाराला खुशाल बोलवा, शेजाऱ्यांनाही बसू द्या, धाकूभाऊजींना चहा द्या. माझी काकणं मी घेऊन येईन, नेहमीसारखी रुमालात बांधून. तुमच्या पलंगाशी येऊन, सगळ्यांसमोर रुमाल सोडीन आणि हात पुढे करीन. धक्क्यावर चढवत होता तशी ती तुम्ही चढवलीत, तर आईंना आणखी काही सांगावं लागणार नाही, त्या शहाण्या आहेत. मग देवळातही मी तुमच्याबरोबर येईन आणि देवी जे सांगेल ते ऐकेन. पण तुम्ही काकणकाराकडे बघितलंत, तर हात मागे घेईन आणि दादाकडे परतायला साखळीची पुढची बस धरीन. मंगळवारी सकाळी मला कामावर जायचंच आहे.

आईंना नमस्कार. औषध वेळेवर घ्या.

सोमवारपर्यंत तुमचीच,
शालिनी