प्लास्टरवरचं पाऊल

सुभानपुरा, बडोदे
६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. परवा गौरीच्या मुखवट्यांची पेटी माळ्यावरून काढताना स्टुलावरून घसरले आणि उजवं पाऊल मुरगळलं. बाहेरची कड सुजून निळी झाली आहे. पण चालता येतं, म्हणजे मोडलेलं नाही. आंबेहळद लावते आहे.

सूनबाईने, कोमलने, एक्स-रेचा धोशा लावलाय. मी सांगितलं, माझा भाऊ साताऱ्यात हाडांचा डॉक्टर होता, मला कळतं. महिनाअखेरीला गौरी येतील. सासूबाईंनंतर कुंकवाच्या पावलांवरून गौर मीच आत आणते. कोमल गुणाची आहे, पण गुजराती घरातली. तिला आपली रीत कुठून ठाऊक असणार?

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
संयोगिता

सातारा
११ ऑगस्ट

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

माझ्यामुळे तुला हाडांतलं कळत असेल, तर तुझ्यामुळे मला पुरणपोळी यायला हवी होती. अगं, पावलात सव्वीस हाडं. एखादं तडकलं तरी माणूस बाकीच्यांच्या जिवावर चालतो.

करंगळीमागचं लांब हाड दाबून बघ. कळ आली तर लगेच एक्स-रे. आंबेहळद चोळणं बंद, पाय उशीवर, बर्फ फडक्यात गुंडाळून. त्या हाडाच्या बुडाशी रक्त बेताचंच पोचतं. तिथे चीर असली आणि तू हिंडत राहिलीस, तर ते सांधायचं नाही. मग ऑपरेशन करून स्क्रू घालावा लागेल. कोमलचं ऐक. तुमच्या घरात तीच एक शहाणी दिसते.

काळजीत असलेला,
दादा

बडोदे
१८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दाबून बघितलं. अशी ओरडले की शेजारच्या राजेश्वरीबेन हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. चीर निघाली, तीही नेमकी बुडाशी. सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकायचा नाही. इथल्या अकोटा भागातल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, गौर आणण्यापुरता टेकला तर? ते नाही म्हणाले. दादा, घरी येऊन मी रडले. पाय दुखतो म्हणून नाही रे. माझ्या दारात आलेली गौर मी नाही आणायची तर कोणी? तू तरी एका दिवसाची परवानगी दे.

उत्तराची वाट बघणारी,
संयोगिता

सातारा
२३ ऑगस्ट

चि. संयोगितास आशीर्वाद.

नाही.

दादा

बडोदे
३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं लांबलचक पत्र पोचलं! गौरी आल्या आणि काल गेल्याही. वाटेतच खुर्ची मांडून, प्लास्टरचा पाय चौरंगावर ठेवून, मी कोमलच्या चुका काढायला बसले होते. एकही सापडली नाही. मुठीने कुंकवाची पावलं उमटवणं, उंबऱ्यावर थांबणं, गौर कशाच्या पावलांनी आली असं विचारल्यावर सोन्याच्या म्हणणं, सगळं तिला पाठ. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती म्हणे. दादा, मला भरून आलं.

पावलं उमटवत ती माझ्यापाशी आली, थबकली, आणि एक पाऊल तिने माझ्या प्लास्टरवर उमटवलं. म्हणाली, मम्मींना सोडून गौर आत जाणार नाही.

पेटी आता कोमलच्या कपाटात आहे. पुढच्या वर्षी पाय धड असला तरी खुर्ची तिथेच मांडायची, असं मी सांगून टाकलंय. फक्त प्लास्टर काढताना तेवढं पाऊल वाचवून कापा, हे डॉक्टरांना कसं सांगायचं ते तू कळव.

तुझ्या रागालाही माया समजणारी,
संयोगिता