माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर

३ मार्च, सोमवार
सकाळी नऊला रुजू झाले. परदेशातलं पहिलंच काम, तेही सहा महिन्यांची उमेदवारी, पण टेबल खिडकीजवळचं मिळालं. बेपत्ता माणसांच्या चौकशीचं हे आंतरराष्ट्रीय कार्यालय. आपल्या भाषेतले जबाब साक्षीदाराला वाचून दाखवायचे आणि भाषांतराशी ताडून पाहायचे, एवढं माझं काम. वरिष्ठ बाई आपल्याकडच्याच. जबाबातला 'मी' म्हणजे साक्षीदार, तू नव्हेस, एवढं सांभाळ, म्हणाल्या. कायद्याच्या पाच वर्षांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. संध्याकाळी आईला फोन केला. दादा गेल्यापासून ती 'हं'पलीकडे बोलत नाही. आज 'जेवलीस का' म्हणाली. बरं वाटलं.

५ मार्च, बुधवार
पहिला जबाब. साक्षीदार माझ्याच वयाची, अंगात करडा स्वेटर. साक्षीदारांच्या खोलीत ती किती दिवस आहे, कुणालाच नीट सांगता येईना. भावाचा फोन वाजत राहिला, दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून तिने उचलला नाही, मग तो सापडलाच नाही. दादाचा फोन मीही परीक्षेपायीच उचलला नव्हता. शेवटची ओळ कशीबशी वाचली: 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.' तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि कागदावर बोट ठेवलं. मी तिथे सही केली. नंतर लक्षात आलं, वाचून दाखवणाऱ्याची जागा डावीकडे होती. तिथे तिची सही होती. माझी उजवीकडे, साक्षीदाराच्या जागी. शिक्के मारणारे काका हसले, झालं, आता बसा तुम्हीच साक्षीला म्हणाले. तोवर कागद वर गेला होता.

६ मार्च, गुरुवार
माझं कार्ड दाराला चालेना. रखवालदाराने यादी पाहिली आणि मला साक्षीदारांच्या खोलीत नेऊन बसवलं. खुर्चीवर करडा स्वेटर तसाच पडलेला. बाई आल्या की उलगडा होईल, म्हणून थांबले. दुपारी बाई आल्या. शांतपणे ऐकून घेतलं. जबाब पुरा होईपर्यंत इथेच राहावं लागेल, म्हणाल्या.
मला 'तुम्ही' म्हणाल्या.

१० मार्च
दाराच्या काचेतून माझं टेबल दिसतं. माझ्या खुर्चीत ती बसते. बाई तिला 'तू' म्हणतात. माझा पासपोर्ट त्याच टेबलाच्या खणात आहे.

१९ मार्च
खुर्ची रिकामी. काकांना विचारलं. तिची आई घरी एकटी असते, म्हणून रजेवर गेली, म्हणाले.

२१ मार्च
एक फोन करू दिला. आईनेच उचलला. मी म्हटलं, आई, मी बोलतेय.
"मी कोण? माझी लेक इथे माझ्याशेजारी भाजी निवडत बसलीये."
मागे कुणीतरी काहीतरी बोललं आणि आई हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. फोन तिनेच ठेवला.

एप्रिल असावा
इथे गारठा असतो. स्वेटर घातला.
रोज जबाब घेतात. मी सहीचं सांगते, डावी, उजवी, सगळं. लिहून येतं ते एवढंच: भावाचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. त्यात खोटं काही नाही, म्हणून खोडताही येत नाही —

नंतर
नवी मुलगी रुजू झाली. खिडकीजवळच्या टेबलावर. फोनवर कुणाला तरी 'हो गं, जेवले' म्हणत होती. काका सांगत होते, हिचा भाऊ मागच्याच वर्षी — आईला एकटीला ठेवून आलीये.

उद्या ती माझा जबाब वाचणार. तिला आधीच सांगायला हवं, तुझी जागा डावीकडे — तिलाही आई आहे. मलाही —

खोलीत मी एकटीच. पेला विसळला. पाणी भरून उद्या ती बसेल त्या बाजूला ठेवलं. थोडं सांडलं, ते स्वेटरच्या बाहीने पुसलं.

वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या